सहाव्या भागाने केलेला हिरमोड

प्रिय ताई,

गेली काही वर्षं मी प्रेमकादंबऱ्यांची एक मालिका वाचते आहे. एका घरातली भावंडं, आणि प्रत्येक भागात एकेकाची गोष्ट. पहिल्या भागापासून माझा जीव अडकला तो धाकट्या भावात आणि त्याच्या बहिणीच्या मैत्रिणीत. पाच भाग दोघं नुसते कडेकडेला होते. एखादं वाक्य, एखादी नजर, बस. सहावा भाग त्यांचा असणार हे कळल्यापासून मी वाट पाहत होते. तो आला, एका रात्रीत वाचून काढला आणि पहाटे रडत बसले. जो माणूस सगळ्यांच्या मनातलं न सांगता ओळखायचा, तो इथे एक अर्धवट पत्र वाचून संशय घेतो आणि काही न विचारता निघून जातो. पुढची दीडशे पानं अबोला. मध्ये आधीच्या जोडप्यांची बाळं आणि वाढदिवस. शेवटी दोन पानांत तो परत येतो, 'मला माफ कर' म्हणतो आणि लग्न होतं. मला काहीच वाटलं नाही.

माझ्याबरोबर ही मालिका वाचणाऱ्या मैत्रिणीला मात्र पुस्तक आवडलं. नायिका दुसऱ्या शहरातली नोकरी स्वीकारते, तेव्हा तिने पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं, असं तिचं म्हणणं. वाद वाढला, 'तुला वाचताच येत नाही' असं मी बोलून गेले आणि आता आमचं बोलणं बंद आहे. घरचे म्हणतात, पुस्तकच तर आहे. माझा सगळ्यात लाडका तिसरा भागही आता हातात घेववत नाही. सातवा भाग येतो आहे, थोरल्या बहिणीचा. तो घेऊ की मालिका सोडू? लेखिकेला लिहू का? की मीच वेड्यासारखं मनाला लावून घेते आहे?

– एक हिरमुसलेली वाचक

प्रिय मैत्रिणी,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीच्यात तुमचं लक्ष लागणार नाही. तुम्ही वेडेपणा अजिबात करत नाही आहात. एखादी कादंबरी आवडणं वेगळं आणि मालिकेला जीव लावणं वेगळं. एकट्या कादंबरीत लेखिका सुरुवात करते, तीच शेवट करते, आपण तिच्याबरोबर चालतो. मालिकेत दोन भागांच्या मध्ये मोठा काळ जातो आणि तेवढा काळ गोष्ट वाचकाच्या ताब्यात असते. लेखिकेने जिन्यात रेंगाळलेली एक नजर लिहून पुस्तक संपवलं. ती नजर पुढे कुठे गेली असेल, हे तुम्ही कामं उरकताना, प्रवासात, झोप न येणाऱ्या रात्री ठरवत राहिलात. सहावा भाग छापून येईपर्यंत तुमच्या मनात एक सहावा भाग तयार झालेला होता. तो बाद झाला की वाईट वाटणारच. आणि या मालिका रचल्याच अशा जातात की तुम्ही वाट पाहावी. लाडक्या जोडीला मुद्दाम मागे ठेवायचं, दर भागात थोडंसंच हाती द्यायचं. त्या बेतात तुम्ही मनापासून सामील झालात. यात लाजण्यासारखं काय आहे? घरच्यांना हे पटवत बसू नका, त्यांनी ते पाच भाग वाचलेले नाहीत.

मात्र एक काम तुम्हाला नेटाने करावं लागेल. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या सोडवून घ्या. 'मला हवं होतं तसं झालं नाही' ही एक. 'लेखिकेने आधी जे सांगितलं तेच मोडलं' ही दुसरी. पहिल्या तक्रारीचं दुःख खरं असतं, पण त्याचा जाब पुस्तकाला विचारता येत नाही. दुसरीचा येतो.

पहिल्या तक्रारीचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकन लेखिका लुइझा मे अल्कॉटची 'लिटल विमेन', चार बहिणींची कादंबरी. तिचा पहिला भाग १८६८ मध्ये आला आणि या बहिणींची लग्नं कुणाशी होणार, असं विचारणारी मुलींची पत्रं लेखिकेला येऊ लागली. वाचकांना त्यांतली 'जो' नावाची बहीण आणि शेजारचा लॉरी यांची जोडी हवी होती. कुणाला खूश करण्यासाठी मी जोचं लग्न लॉरीशी लावणार नाही, असं अल्कॉटने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आणि १८६९ च्या दुसऱ्या भागात ते खरं केलं. लॉरीने जोच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं, जोने वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या एका प्राध्यापकाशी. दीडशे वर्षं उलटली तरी वाचक यावरून भांडतात, आणि तो प्राध्यापक मलाही अजून मनापासून पटलेला नाही. पण लॉरीला नकार देणारी जो ही आपल्या ओळखीचीच जो आहे. तिची आईच तिला सांगते की तुम्ही दोघं फार सारखी आहात, दोघांनाही मोकळीक हवी, दोघंही तापट आणि हट्टी. तो नकार वाचताना जिवाला लागतो, तरी खोटा वाटत नाही. लेखिकेने वाचकांच्या मनाविरुद्ध केलं, पण जोच्या स्वभावाविरुद्ध काही केलं नाही.

आता तुमचा धाकटा भाऊ. तुम्ही तिसऱ्या भागातला एक प्रसंग वेगळ्या कागदावर उतरवून पाठवला आहे. जागेअभावी तो वर घेता आला नाही, पण मी तो पुन्हा पुन्हा वाचला. थोरल्या भावाच्या लग्नात सगळे नाचत आहेत. ती भिंतीला टेकून उभी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'मजा येतेय' म्हणते आहे. तो लांबून पाहतो की ती अंगाचा भार सारखा या पायावरून त्या पायावर घेते आहे. काही न बोलता तो एक खुर्ची आणून तिच्या मागे ठेवतो आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसून तिसऱ्याच कुणाशी गप्पा सुरू करतो. हेतू एवढाच, की ती एकटी बसली आहे असं कुणाला दिसू नये. नवे बूट चावत आहेत हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सगळा प्रसंग अर्ध्या पानाचा आहे. पण त्या अर्ध्या पानात लेखिकेने तुम्हाला शब्द दिला होता: या माणसाला दिसतं, आणि दिसलेल्याचा तो गाजावाजा करत नाही.

सहाव्या भागात हाच माणूस टेबलावरच्या पत्राचं एक पान वाचतो, दुसरं उलटून बघत नाही, आणि सामान घेऊन निघतो. माणसं बदलतात, भल्या माणसाच्या मनातही संशय शिरतो, हे मला मान्य आहे. पण मग तो कुठून शिरला ते दिसायला हवं. पूर्वी कधी झालेली फसवणूक, आपण कुणाला पुरे पडणार नाही ही भीती, काहीतरी. तुमच्या पत्रावरून तरी पुस्तकात असं काही आलेलं दिसत नाही. कथेला दुरावा हवा होता, म्हणून माणूस वाकवला गेला. हा लेखनातला दोष आहे. तुमच्या अपेक्षा जास्त होत्या म्हणून तो दिसला असं समजू नका. तुम्ही आधीचे भाग लक्ष देऊन वाचले होते म्हणून दिसला.

नेमकी सगळ्यात लाडकी जोडीच अशी का फसते, याचा मी बराच विचार केला आहे. प्रेमकादंबरीची सुरुवातीची शंभरेक पानं कशावर चालतात? ओळख, कुतूहल, एकमेकांकडे लक्ष जाणं, 'हिला तो आवडतो की काय' ही हुरहुर. तुमच्या जोडीचं हे सगळं आधीच्या पाच भागांत खर्ची पडलं होतं. दोघं एकमेकांची आहेत हे वाचकाला केव्हाच कळलेलं. शिवाय दोघंही समजूतदार. अशी दोन माणसं एका खोलीत समोरासमोर बसली तर तीस पानांत गोष्ट संपायची. मग कादंबरीभर पुरेल असा अडसर आणायचा कुठून? तो त्यांच्या स्वभावातच शोधावा लागतो, आणि ते अवघड काम आहे. खरं तर इथे तो हाताशी होता. ज्याला दुसऱ्यांचं सगळं न सांगता कळतं, त्याला स्वतःचं काही सांगायची वेळ कधी आलेलीच नसते. आपल्यालाही कुणीतरी न सांगता ओळखावं, अशी तो मुकाट्याने वाट पाहत राहतो आणि तिला बिचारीला पत्ताच नाही! किती छान कादंबरी झाली असती. त्याच्या सगळ्यात चांगल्या गुणातून त्याची अडचण आली असती, आणि तुम्ही त्याच्यावर चिडलाही असतात पण तो तुम्हाला परका वाटला नसता.

गैरसमजाला माझा विरोध नाही. प्रेमकथेत तो फार जुना आहे आणि चालतोही. फक्त 'एकदा विचारलं असतं तर?' या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात असलं पाहिजे. विचारणं त्याला का जमलं नाही हे कळलं, की दीडशे पानांचा अबोला वाचक निमूटपणे सोसतो. नाही कळलं, तर दहाव्या पानापासून पुस्तकातल्या माणसांना ओरडून सांगावंसं वाटतं. बाळं आणि वाढदिवसांबद्दल फार बोलत नाही. जुन्या जोड्या भेटाव्यात असं बऱ्याच वाचकांना वाटतं, म्हणून ती पानं येतात. तुमची खरी जोडी गप्प असताना ती आली, म्हणून तुम्हाला जास्त खुपली.

आणि शेवटाबद्दल. सुखान्त मिळूनही कुरकुर केली याचा थोडा संकोच तुमच्या पत्रात जाणवतो. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकांच्या संघटनेने प्रेमकादंबरीच्या व्याख्येत दोन गोष्टी ठेवल्या: मध्यवर्ती प्रेमकथा, आणि भावनिक समाधान देणारा, आशादायी शेवट. लग्न व्हायलाच हवं असं तिथे म्हटलेलं नाही, समाधान मात्र मागितलं आहे. तुमच्या सहाव्या भागात नायक परत येऊन माफी मागतो. कशाची माफी? तिला विचारलं नाही याची? तिने ते महिने कसे काढले असतील याची? तसं एक वाक्य जरी असतं तरी तुम्ही ते मला लिहून पाठवलं असतं, इतकी तुम्हाला ही पुस्तकं पाठ आहेत. ते वाक्य नाही म्हणून लग्न नुसतं उरकल्यासारखं वाटतं, आणि तुम्हाला काही वाटलं नाही हे स्वाभाविक आहे.

तिसरा भाग सध्या कपाटात राहू द्या. आत्ता उघडलात तर खुर्चीचा प्रसंग वाचताना पुढचा माणूस आठवेल आणि दोन्ही नासतील. राग ओसरला की घ्या. तो भाग लिहिला गेला तेव्हा सहावा अस्तित्वातच नव्हता आणि त्यातलं एकही अक्षर बदललेलं नाही. तुमच्यापुरती या दोघांची गोष्ट पाचव्या भागाशी थांबते, असं ठरवायलाही तुम्ही मोकळ्या आहात. अनेक वाचक असं करतात आणि सुखाने जुने भाग वाचतात. दरम्यान, मनातल्या त्या सहाव्या भागातला एक प्रसंग कागदावर उतरवा. अख्खं पुस्तक नको. तो पत्राचं पहिलं पान वाचतो, हात थांबतो, आणि ती खोलीत येते, एवढाच. स्वतःसाठी लिहा, कुणाला दाखवायची गरज नाही. लिहायला बसलात की दोन गोष्टी होतील. रात्री डोक्यात तेच ते फिरणं कमी होईल, आणि समजूतदार माणसांमध्ये भांडण उभं करणं किती कठीण आहे तेही कळेल.

लेखिकेला लिहायचं का? लिहा, पण आत्ता नको, आणि काहीतरी दुरुस्त करून मिळेल या आशेने तर मुळीच नको. इंग्रज लेखक सॅम्युअल रिचर्डसनची 'क्लॅरिसा' ही कादंबरी १७४७-४८ मध्ये थोडे थोडे खंड करून प्रसिद्ध झाली. नायिकेचं वाईट होणार अशी चिन्हं दिसू लागल्यावर वाचकांनी सुखान्तासाठी त्याला गळ घातली. त्यात एका बॅरोनेटची, म्हणजे वंशपरंपरागत किताब असलेल्या इंग्रज गृहस्थाची, बायको टोपणनावाने कळकळीची पत्रं पाठवत होती. रिचर्डसनने शेवट बदलला नाही. तरी त्या दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला, चांगली मैत्री झाली. तिने आपल्या प्रतीच्या समासात लिहिलेले शेरे आणि त्यांना रिचर्डसनने दिलेली उत्तरं असलेले ते खंड आजही जपून ठेवलेले आहेत. तिच्या पत्रांना उत्तरं मिळत गेली, कारण ती पुस्तक बारकाईने वाचणाऱ्या बाईची होती.

तुमच्या पत्रातही तेच यावं. खुर्चीच्या प्रसंगाने तुम्हाला काय दिलं ते आधी लिहा, मग सहाव्या भागात तो माणूस कुठे सापडेनासा झाला ते. एक पान पुरे. पुढच्या कथानकाच्या सूचना देऊ नका. उद्या कुणी 'ही कल्पना माझी होती' म्हणून उभं राहील या धास्तीने अनेक लेखक तशी पत्रं वाचतच नाहीत. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. परीक्षण लिहायचं असेल तर ते वेगळं ठेवा. परीक्षण इतर वाचकांसाठी असतं, तिथे सडेतोड लिहा, 'मधला मोठा भाग ज्या गैरसमजावर उभा आहे तो मला पटला नाही' असं नेमकं लिहा. फक्त ते लेखिकेच्या दारात नेऊन टाकू नका, तिला टॅग करून कमी तारे दाखवू नका. 'पाट्या टाकल्या', 'पैशासाठी लिहिलं' अशी वाक्यंही नकोत. ती कोणत्या घाईत, कोणत्या अडचणीत लिहीत होती, हे तुम्हाला किंवा मला ठाऊक नाही.

राहिली मैत्रीण, आणि इथे मी तुमच्या बाजूने नाही. तुमच्याच पत्रातलं तिचं वाक्य पुन्हा वाचा. पाच भाग ही मुलगी त्या घराच्या मदतीला धावत होती, सगळ्यांची भांडणं मिटवत होती. सहाव्यात ती नोकरी स्वीकारते आणि कुणाची परवानगी मागत नाही. मला वाटतं, लेखिकेचं सगळं लक्ष या भागात तिच्यावर होतं. तिला उभं करायला जी जागा हवी होती ती नायकाला बाजूला सारून मिळवली, आणि सारताना त्याच्यावर अन्याय झाला. तुम्ही त्याच्यासाठी हे पुस्तक उघडलं होतं, मैत्रिणीने तिच्यासाठी. त्यामुळे तुम्हाला जे तुटलेलं दिसलं ते तुटलेलंच आहे, आणि तिला जे घडलेलं दिसलं तेही तिथे आहे. तिला वाचता येत नाही हे म्हणणं साफ चुकीचं होतं.

तेव्हा फोन करा आणि आधी त्या वाक्याबद्दल माफी मागा, स्पष्ट शब्दांत. 'तुला राग आला असेल तर' अशी आडवळणाची माफी नको. मग नोकरीचा तो प्रसंग तिला कसा वाटला ते विचारा आणि ती सांगेल तेवढं मध्ये न तोडता ऐका. तुमचं म्हणणं तिने विचारलं तरच सांगा. ती नक्की विचारेल, कारण इतके भाग बरोबर वाचल्यावर तुमच्याइतकी माहितगार माणसं तिला तरी दुसरी कुठे मिळणार?

सातवा भाग आगाऊ नोंदवून ठेवू नका, पण मालिकाही एवढ्यात सोडू नका. ज्या लेखिकेला तो खुर्चीचा प्रसंग सुचला, तिला एका फसलेल्या पुस्तकानंतर आणखी एक संधी द्यावी असं मला मनापासून वाटतं. थोरल्या बहिणीची तुम्ही अशी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिलेली नाही, त्यामुळे हा भाग तुम्हाला मोकळ्या मनाने वाचता येईल. सुरुवातीच्या पन्नासेक पानांत पुन्हा कुणी अर्धवट ऐकून घर सोडून गेलं, तर पुस्तक बंद करा आणि मागे वळून पाहू नका. विकत घेणं जिवावर येत असेल तर वाचनालयातून आणा, नाहीतर दोघींत मिळून एक प्रत घ्या आणि या वेळी आधी मैत्रिणीला वाचू द्या.